सात गुणांची उडी

रिओ ऑलिम्पिकमध्ये जिमनॅस्ट दीपा कर्माकरचं कांस्यपदक ०.१५० गुणाने हुकलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. आकडा खरा आहे, पण तो सरासरीचा आहे. महिलांच्या व्हॉल्टच्या अंतिम फेरीत प्रत्येकीला दोन वेगवेगळ्या गटांतल्या उड्या माराव्या लागतात आणि दोन्हींच्या गुणांची सरासरी धरली जाते. म्हणजे दोन उड्यांचे गुण एकत्र केले, तर दीपा ०.३०१ गुणाने मागे राहिली. १४ ऑगस्ट २०१६च्या त्या फेरीनंतर सगळ्या देशाने सरासरीवर हळहळ व्यक्त केली. तिची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर बेरीज मांडून बघायला हवी.

जिमनॅस्टिक्समध्ये प्रत्येक उडीला दोन वेगळे गुण मिळतात. एक काठिण्याचा. उडी किती अवघड आहे यावर तो आधीच ठरलेला असतो, नियमपुस्तकात छापलेला असतो. दुसरा सफाईचा. तो दहापासून सुरू होतो आणि पाय सुटले, गुडघे वाकले, उतरताना पाऊल सरकलं, की पंच त्यातून कापत जातात. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या उडीचे गुण. कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रुबरच्या दोन उड्यांचं काठिण्य होतं ६.२ आणि ५.८, एकूण १२. दीपाचं होतं ६ आणि ७, एकूण १३. धावपट्टीवर पहिलं पाऊल टाकायच्या आधीच दीपाकडे अख्ख्या एका गुणाची आघाडी होती. सफाईत स्टाइनग्रुबरला मिळाले ९.३३३ आणि ९.१००, दीपाला ८.८६६ आणि ८.२६६. तिथे तिचे १.३०१ गुण गेले. एक गुण वर होती, त्यातून १.३०१ वजा झाले आणि पदक गेलं.

मला या हिशोबात तिची सगळी कारकीर्द दिसते. काठिण्य मोठेपणी, ठरवून, जिवावर उदार होऊन वाढवता येतं. सफाईचं तसं नाही. ती सहाव्या-सातव्या वर्षापासून, चांगल्या साधनांवर, हजारो वेळा नीट उतरून अंगात मुरावी लागते. जिच्या लहानपणी नीट साधनंच नव्हती, तिच्याकडे जगाच्या बरोबरीला यायला एकच दार उघडं होतं, ते काठिण्याचं. दीपा आणि तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी ते दार ओळखलं आणि त्यातून ती आत शिरली. तिच्या त्या सात गुणांच्या उडीला धाडस म्हणतात, काही जण अविचारही म्हणतात. धाडस तर होतंच. पण त्यामागे फार नेटका विचार होता, आणि त्याचं श्रेय दोघांना पुरेसं मिळालं नाही असं मला वाटतं.

हे दार मुळात उघडलं कधी, तेही बघू. जिमनॅस्टिक्स म्हटलं की जुन्या पिढीला नादिया कोमानेची आठवते आणि १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमधले तिचे दहापैकी दहा गुण आठवतात. त्या काळात दहाच्या वर काही नव्हतं. उडी कितीही अवघड असो, छप्पर दहाचंच. त्या व्यवस्थेत दीपासारख्या खेळाडूला फारशी संधी नव्हती, कारण ठरावीक पातळीच्या वर काठिण्य वाढवून हाती काहीच लागायचं नाही. सफाई जिची जास्त, तिचाच विजय. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ऑलराउंड स्पर्धेत गुणांवरून मोठा वाद झाला. त्यानंतर २००६पासून नवी गुणपद्धती आली. काठिण्याचे आणि सफाईचे गुण वेगळे झाले आणि काठिण्यावरचं छप्पर निघालं. नव्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली, आजही होते. दहाचं सौंदर्य गेलं असं जुने लोक म्हणतात, त्यांचं दुःख मी समजू शकतो. पण याच बदलामुळे आगरताळ्याच्या एका मुलीला हिशोब मांडायला जागा मिळाली.

दीपाचा जन्म ९ ऑगस्ट १९९३चा, त्रिपुराची राजधानी आगरताळ्यातला. वडील दुलाल कर्माकर भारतीय क्रीडा प्राधिकरणात, म्हणजे ‘साई’मध्ये, वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. मुलीने जिमनॅस्ट व्हावं ही इच्छा त्यांची. सहाव्या वर्षी तिला विवेकानंद व्यायामागारात घातलं, तिथे सोमा नंदी यांनी तिला पहिले धडे दिले. थोड्याच काळात ती सोमाताईंचे पती बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली गेली आणि शेवटपर्यंत त्यांच्याच हाताखाली राहिली. त्रिपुराची ओळख आपल्याकडे फार कमी आहे, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. त्या छोट्या राज्यात जिमनॅस्टिक्स कुठून तरी अचानक उगवलेलं नाही. दलीप सिंग नावाच्या प्रशिक्षकाने तिथे अनेक वर्षं खपून मुलं घडवली, त्यातून मंटू देबनाथ यांच्यासारखे राष्ट्रीय पातळीवरचे जिमनॅस्ट निघाले. नंदी हेही त्याच परंपरेतले. माणसं होती, ज्ञान होतं, शिस्त होती. नव्हती ती साधनं.

व्हॉल्टचं टेबल नव्हतं, तेव्हा मॅटवर मॅट रचून टेबलाची उंची केली जायची. स्प्रिंगबोर्डसाठी जुन्या स्कूटरच्या स्प्रिंगा वापरल्या होत्या. हे वाचताना आपल्याला कौतुक वाटतं, पण जिमनॅस्टच्या शरीराच्या बाजूने विचार करून बघा. खऱ्या स्प्रिंगबोर्डची उसळी ठरलेली असते. दर वेळी पाय पडला की तेवढाच जोर परत मिळतो. त्या ठरलेल्या जोरावर शरीर आपली वेळ बांधतं. स्कूटरच्या स्प्रिंगेवर घोटलेली वेळ स्पर्धेच्या बोर्डावर चुकते. रचलेल्या मॅटवर हात टेकले की ते आत रुततात, टेबलावरून जो ठोस उलटा धक्का मिळायला हवा तो मिळत नाही. लहानपणी लागलेल्या अशा सवयी पुढे कापल्या जाणाऱ्या दशांशांमध्ये दिसतात. ८.२६६मध्ये जे कमी पडलं त्यातला काही भाग त्या मॅटच्या ढिगाऱ्यात आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्यातच दीपाचे तळवे सपाट. पायाच्या तळव्याची कमान ही शरीराची स्वतःची स्प्रिंग असते. उडताना ती जोर देते, उतरताना धक्का पचवते. कमान नसेल तर उडीही कमी आणि उतरल्यावर तोल सावरणंही अवघड. अशा मुलीला बऱ्याच ठिकाणी परत पाठवलं असतं. नंदी सरांनी तिला वर्षानुवर्षं तळव्याचे व्यायाम करायला लावले आणि कमान घडवत नेली. हे काम बघायला कंटाळवाणं असतं, त्याचा कुठे फोटो निघत नाही. पण पुढची प्रत्येक उडी या कामावर उभी आहे.

२००७मध्ये जलपायगुडीला झालेल्या ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत ती जिंकली. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ती भारताच्या संघात होती. त्या स्पर्धेत पदकं मिळवली अलाहाबादच्या आशिषकुमारने, फ्लोअरवर कांस्य आणि व्हॉल्टवर रौप्य. भारतीय जिमनॅस्टिक्सची ती राष्ट्रकुलमधली पहिली पदकं. २०११च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दीपाने ऑलराउंडसह चारही साधनांची सुवर्णपदकं जिंकली. देशात आता तिला तोड नव्हती. आणि याच सुमारास देशातल्या जिमनॅस्टिक्सचा कारभार पार विस्कटला होता. महासंघात गटबाजी, सरकारी मान्यतेचा घोळ, शिबिरं कधी होणार याचा पत्ता नाही. खेळाडूच्या शरीराची उमेदीची वर्षं भांडणात जातात, हे आपल्याकडे अनेक खेळांत झालं आहे, पण जिमनॅस्टिक्समध्ये त्याची किंमत फार मोठी असते, कारण इथे उमेदीची वर्षंच मोजकी.

अशा वेळी प्रोडुनोव्हाचा विचार पुढे आला.

येलेना प्रोडुनोव्हा ही रशियाची जिमनॅस्ट. १९९९मध्ये तिने ही उडी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत यशस्वी केली आणि उडीला तिचं नाव मिळालं. नंतर फार थोड्या जणींनी तिच्या वाटेला जायचं धाडस केलं: डॉमिनिकन प्रजासत्ताकाची यामिलेत पेन्या, इजिप्तची फदवा महमूद, उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना, आणि दीपा. रिओच्या काळातल्या नियमपुस्तकात या उडीचं काठिण्य होतं ७. त्या वेळी सिमोन बाइल्स ज्या दोन उड्या मारायची त्यांचं होतं ६.३ आणि ६.४. जगातल्या सर्वोत्तम जिमनॅस्टच्या उडीपेक्षा सहा-सात दशांश जास्त, आणि तेही उडी नुसती पूर्ण केली तरी. नंदी सरांचा हिशोब इथून सुरू होतो.

ही उडी आहे तरी काय? २५ मीटरची धावपट्टी. त्यावरून पूर्ण वेगाने धावत येऊन स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय जोडून आदळायचे. तिथून पुढे झेप घेऊन १२५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर हात टेकायचे, त्या क्षणी शरीर उलटं असतं, पाय वर. हात टेकलेला काळ अगदी क्षणभराचा. खांद्यांतून टेबलाला धक्का देऊन शरीर वर फेकायचं. आणि मग हवेत, पुढच्या दिशेने, दोन पूर्ण कोलांट्या मारून पायांवर उतरायचं. टेबल सोडल्यापासून मॅटवर पाय टेकेपर्यंत जेमतेम एक सेकंद मिळतो. एवढ्या वेळात दोन कोलांट्या बसवायच्या तर शरीराचा गोळा करावा लागतो: गुडघे छातीशी, हात नडग्यांवर घट्ट. शरीर जितकं आवळलेलं, तितकं ते भरभर फिरतं. दीपाची उंची साधारण दीड मीटर, त्याचा इथे फायदा होतो.

खरा धोका दिशेत आहे. मागच्या दिशेने फिरणारी जिमनॅस्ट उतरण्याआधी जमीन बघू शकते, डोकं मागे टाकलं की मॅट नजरेत येतो. पुढच्या दिशेने फिरताना मॅट नजरेला पडतो तो अगदी शेवटी, तोवर पाय टेकायची वेळ झालेली असते. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी पायाने अंदाजानेच शोधावी लागते, तसं हे उतरणं आहे, फक्त वेग भयानक असतो. गोळा लवकर उघडला तर दुसरी कोलांटी अर्धी राहते आणि मानेवर किंवा पाठीवर आदळण्याची भीती. उशिरा उघडला तर पाय टेकतात, पण शरीर फिरतच राहतं आणि पुढे भेलकांडतं. बरोबर क्षणी उघडला तरी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो. या उडीवर बंदी घालावी असं म्हणणारे जाणकार कमी नाहीत.

मग नंदी सरांनी आपल्या विद्यार्थिनीला त्यात का लोटलं? पहिली गोष्ट म्हणजे आंधळेपणाने लोटलं नाही. त्या दोघांनी सराव केला तो दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, फोमच्या खड्ड्यात. फोमचे तुकडे भरलेला खोल खड्डा. उडी चुकली तरी मान मोडत नाही. आधी खड्ड्यात, मग खड्ड्यावर मॅट टाकून, मग साध्या मॅटवर, असा क्रम. जिवाशी खेळण्याचा आरोप करण्याआधी हा क्रम लक्षात घ्यायला हवा. दुसरी गोष्ट म्हणजे दीपाचा वेग. तिची धाव आणि खांद्यांतला जोर या उडीला पुरून उरेल, ही पारख नंदी सरांची होती आणि ती बरोबर निघाली.

पहिला पुरावा २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मिळाला. अंतिम फेरीत तिची पहिली उडी बेताची झाली, १३.६३३. दुसरी प्रोडुनोव्हा: १५.१००. सरासरी १४.३६६ आणि कांस्यपदक. राष्ट्रकुलमध्ये जिमनॅस्टिक्सचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. दोन उड्यांमध्ये जवळजवळ दीड गुणाचा फरक! तिला पदकापर्यंत कोणती उडी घेऊन गेली, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी हिरोशिमाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं कांस्य, आणि पुन्हा ग्लासगोमध्येच जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पाचवी. जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याआधी एकही भारतीय पोचला नव्हता. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार.

एप्रिल २०१६मध्ये रिओतच झालेल्या पात्रता स्पर्धेत ५२.६९८ गुण मिळवून ती ऑलिम्पिकला पात्र ठरली. याआधी ऑलिम्पिकमध्ये भारताचे ११ जिमनॅस्ट उतरले होते: १९५२ला दोन, १९५६ला तीन, १९६४ला सहा. सगळे पुरुष. नंतर ५२ वर्षं कोणीच नाही. त्या पात्रता स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्णही तिने घेतलं. तरीही ऑगस्टमध्ये ती रिओला गेली तेव्हा तिच्यासोबत तिचा फिजिओ नव्हता. तो खर्च आवश्यक वाटला नाही. ती अंतिम फेरीत पोचल्यावर त्याला घाईघाईने रिओला पाठवण्यात आलं. जगातली सगळ्यात धोकादायक उडी मारणाऱ्या खेळाडूबरोबर तिचे स्नायू ओळखणारा माणूस पहिल्या दिवसापासून असायला हवा, एवढी साधी गोष्ट समजायला अंतिम फेरी गाठावी लागली, याचा मला आजही संताप येतो.

७ ऑगस्टला पात्रता फेरी झाली. व्हॉल्टवर १४.८५० गुणांसह ती आठवी, म्हणजे अंतिम फेरीतली शेवटची जागा. मधल्या आठवड्यात ९ तारखेला तिचा तेविसावा वाढदिवस होता. नंदी सरांनी तिच्या फोनमधलं सिमकार्ड काढून घेतलं. आईवडिलांशी तेवढं बोलू दिलं. देशात तिच्या नावाचा गजर चालला होता आणि तो तिच्या कानांवर पडू नये याची त्यांनी काळजी घेतली.

अंतिम फेरीतली तिची पहिली उडी त्सुकाहारा, दोन गिरक्यांसह: १४.८६६. चांगली, स्वच्छ. दुसरी प्रोडुनोव्हा. ती पुन्हा पुन्हा बघावी अशी आहे. धाव जोरदार, टेबलावरचा धक्का जबरदस्त, दोन्ही कोलांट्या पूर्ण. पाय आधी टेकले, आणि मग शरीर खाली बसत गेलं, इतकं खाली की बैठक मॅटला टेकली की काय असं वाटावं. तिथून ती उठली, हात वर केले. पंचांनी ते पडणं धरलं नाही. पडणं धरलं असतं तर पूर्ण एक गुण गेला असता आणि ती आठ जणींत थेट तळाला गेली असती. उलट, इतकं खोल न बसता ती थोडी वर उतरली असती तर? खोल बसून उतरण्याची वजावट अर्ध्या गुणापर्यंत जाते. तिला हवे होते ०.३०१. चौथ्या जागेच्या वरचं आणि खालचं सगळं त्या एका उतरण्यात सामावलेलं होतं.

सरासरी १५.०६६. ती पदकाच्या जागेवर होती, पण मारिया पासेका आणि सिमोन बाइल्स यांच्या उड्या व्हायच्या होत्या. पासेकाने १५.२५३ घेऊन रौप्य मिळवलं, बाइल्सने १५.९६६ घेऊन सुवर्ण. स्टाइनग्रुबर १५.२१६. त्याच फेरीत ४१ वर्षांच्या चुसोव्हितिनानेही प्रोडुनोव्हा मारली. उतरल्यावर तिला तोल सावरता आला नाही आणि ती सातवी आली. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या बाईला जे त्या दिवशी जमलं नाही, ते दीपाला जमलं होतं. म्हणून तिच्या ८.२६६कडे मी कमी गुण म्हणून बघू शकत नाही.

पुढचे काही महिने सत्कारांचे. खेलरत्न, नंतर पद्मश्री; नंदी सरांना द्रोणाचार्य. हैदराबादला सचिन तेंडुलकरच्या हस्ते पी. व्ही. सिंधू, साक्षी मलिक आणि दीपाला बीएमडब्ल्यू गाड्यांच्या किल्ल्या मिळाल्या. आगरताळ्याच्या रस्त्यांवर ती गाडी चालवणं आणि तिथे तिची देखभाल करणं अवघड होतं, म्हणून पुढे दीपाने तिच्याऐवजी साधी गाडी घेतली. या गाडीची बातमी खूप गाजली. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: रिओहून आल्या आल्या ती राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या परीक्षेला बसली. 

मग गुडघा गेला. २०१७मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या तयारीत तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ज्याला खेळाडू नुसतं ‘एसीएल’ म्हणतात तो. मुंबईत डॉ. अनंत जोशी यांनी शस्त्रक्रिया केली. हा लिगामेंट मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवतो. पाय जमिनीला टेकून शरीर वळतं किंवा अचानक थांबतं तेव्हा सगळा ताण त्याच्यावर येतो. व्हॉल्टवरून उतरणं म्हणजे नेमकं हेच. त्याच वर्षी नियमपुस्तकही बदललं. सगळ्याच उड्यांची किंमत उतरली, पण प्रोडुनोव्हाची जास्त: ७वरून ६.४. जिवावर बेतणाऱ्या उडीचा मोह कमी व्हावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या फरकावर नंदी सरांचा हिशोब उभा होता तो आता आक्रसला होता आणि ज्या गुडघ्याने तो हिशोब खरा करून दाखवला होता तो दुरुस्त करून घ्यावा लागला होता.

जुलै २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिनला ती पुन्हा स्पर्धेत उतरली. प्रोडुनोव्हा बाजूला ठेवली होती, कमी धोक्याच्या उड्या होत्या, आणि १४.१५० गुणांनी वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण मिळालं. अशा स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय जिमनॅस्ट. पण पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या एशियाडमध्ये गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं. व्हॉल्टची अंतिम फेरी हुकली, बीमवर ती पाचवी आली. नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या कॉटबुसला विश्वचषकाचं कांस्य. २०१९मध्ये बाकूला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत गुडघा दुखावला आणि टोकियो दूर गेलं. टोकियोला भारताकडून गेली ती पश्चिम बंगालची प्रणती नायक.

त्यानंतरचं प्रकरण क्लेशाचं आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायजेनामाइन सापडलं. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांच्या गटातलं हे द्रव्य बंदी असलेल्या यादीत आहे. काही वनस्पतींमध्ये ते नैसर्गिकपणे असतं आणि पूरक आहाराच्या डब्यांतून ते पोटात जाऊ शकतं. आपल्या शरीरात ते नकळत गेलं असं दीपाने सांगितलं, निकाल लांबवत न बसता तो स्वीकारला, आणि तिला २१ महिन्यांची बंदी झाली. जगाला हे फेब्रुवारी २०२३मध्ये कळलं. बंदी संपली १० जुलै २०२३ला. खेळाडूच्या शरीरात काय जातं याची जबाबदारी नियमाने खेळाडूचीच असते, ती तिने उचलली. माझ्या मनात प्रश्न उरतो तो तिच्या आजूबाजूच्या व्यवस्थेचा: ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्या खेळाडूचा प्रत्येक डबा, प्रत्येक गोळी तपासून देणारं माणूस तिच्याजवळ असायला नको होतं का?

बंदीनंतर ती निवड चाचणीत पहिली आली, पण हांगझोऊच्या एशियाडला तिला पाठवलं गेलं नाही. आधीच्या १२ महिन्यांत आंतरराष्ट्रीय कामगिरी हवी असा निकष होता, आणि त्या महिन्यांतला बराच काळ ती बंदीखाली होती. मग उरलं होतं २०२४. तिशीची जिमनॅस्ट, शस्त्रक्रिया झालेला गुडघा, स्पर्धांची सवय तुटलेली.

२६ मे २०२४, ताश्कंद. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या व्हॉल्टची अंतिम फेरी. दीपाला १३.५६६, दुसऱ्या क्रमांकावरच्या उत्तर कोरियाच्या किम सोन ह्यांगला १३.४६६. आशियाई स्पर्धेचं सुवर्ण त्याआधी कुठल्याच भारतीय जिमनॅस्टला मिळालं नव्हतं, ना पुरुषांत, ना महिलांत. फरक पुन्हा दशांशातला, या वेळी तिच्या बाजूने. रिओच्या चौथ्या क्रमांकावर वर्तमानपत्रांची पानंच्या पानं भरली होती. या सुवर्णाला त्यातला थोडाच वाटा मिळाला. माझ्या लेखी ते रिओच्या तोडीचं आहे. तेवीस वर्षांच्या पायांनी जे केलं त्यात जोर होता. तिसाव्या वर्षी, दुरुस्त केलेल्या गुडघ्यावर, बंदीच्या खंडानंतर दशांशभर पुढे राहायचं तर नुसता जोर पुरत नाही.

७ ऑक्टोबर २०२४ला तिने निवृत्ती जाहीर केली. निवेदनात तिने नंदी सर आणि सोमा मॅडम यांचे आभार मानले, पंचवीस वर्षं घडवल्याबद्दल. पुढे मार्गदर्शक किंवा प्रशिक्षक म्हणून खेळाचं ऋण फेडायची इच्छाही तिने बोलून दाखवली. ते व्हावं असं मला फार वाटतं, आणि त्याला कारण आहे. उतरण्यातला एकेक दशांश कसा कमावतात आणि कसा गमावतात, हे आज भारतात तिच्याइतकं कोणी स्वतःच्या गुडघ्यांनी शिकलेलं नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या पायाखाली पहिल्याच दिवशी खरा स्प्रिंगबोर्ड आणि समोर खरं टेबल ठेवून ती शिकवू लागली, तर त्या मुलीला सात गुणांच्या उडीच्या वाटेला जायची गरजच पडणार नाही.